विश्लेषण : ओढला की फाटतो! घरातले जुने मोडी कागद कसे वाचवायचे? राजवाडे यांच्या आयुष्यातून काय शिकायचे?

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकच्या सीमेलगतचे छोटे शहर. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानावर पडतात. अशा ठिकाणी एखाद्या जुन्या घराचे माळवद उतरवताना कोनाड्यातून कापडात बांधलेले गाठोडे निघाले, तर पुढे काय होते? कापड सोडले जाते. आत कागदांचा तपकिरी, कडक ठोकळा असतो. कुणीतरी उत्सुकतेने वरचा कागद कोपऱ्याला धरून ओढतो. कागदाचा निम्मा भाग हातात येतो आणि निम्मा ठोकळ्याला चिकटून राहतो. जो मजकूर दोनशे वर्षे टिकला, तो दोन सेकंदांत जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर जुन्या कागदांकडे आणि मोडी वाचणाऱ्यांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. मात्र कागद ‘वाचणे’ आणि कागद ‘वाचवणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. हा फरक समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात जुने कागद गोळा करण्यासाठी आयुष्य वेचलेल्या एका माणसाची गोष्ट पाहावी लागते. तो माणूस म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

कोण होते राजवाडे?

राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. मूळ गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई. वडील लवकर गेले. शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले, पण वर्गातल्या अभ्यासक्रमापेक्षा स्वतःच्या वाचनावर त्यांचा भर अधिक होता. व्यायामाचीही त्यांना आवड होती. पुढे गावोगावची पायपीट करताना ही कमावलेली प्रकृती उपयोगी पडली. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक होते.

१८९२ मध्ये राजवाडे यांच्या पत्नीचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. काही काळ शिक्षकाची नोकरी केली, तीही सोडली. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातले मोठे ग्रंथ मराठीत यावेत, हा त्यामागचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला.

कागदांच्या मागे ते कसे लागले?

वळण मिळाले ते वाईत. तेथे एका घरात जुन्या मोडी पत्रांचा साठा सापडला होता. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतच्या युद्धापर्यंत पोहोचणारी ही पत्रे होती. राजवाडे यांनी ती वाचली, तारखा लावल्या, बाळबोध लिपीत उतरवली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने पहिला खंड छापला.

या खंडाची प्रस्तावना मूळ पत्रांइतकीच गाजली. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास प्रामुख्याने बखरींवर आणि ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी ग्रंथावर उभा होता. बखरी बहुतेकदा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या. राजवाडे यांनी बखरीतली विधाने आणि त्या दिवसांत लिहिलेली अस्सल पत्रे समोरासमोर ठेवली. बखरीत तारखा, आकडे आणि माणसे कुठे चुकली, ते दाखवले. इतिहास लिहायचा तर आधी कागद हवा, ही गोष्ट मराठी वाचकाला या खंडाने ठामपणे सांगितली.

पण कागद होते कुठे? पेशव्यांचे सरकारी दफ्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यात त्याचे सुमारे ३५ हजार रुमाल होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. हा साठा भारतीय अभ्यासकांना सहजी खुला नव्हता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातले निवडक ४५ खंड बाहेर पडले ते १९३० नंतर. त्यामुळे राजवाडे यांच्यापुढे एकच मार्ग होता, तो म्हणजे लोकांची घरे. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठ आणि देवस्थाने यांच्याकडची खासगी दफ्तरे.

लोक कागद द्यायला तयार होते का?

बहुतेकदा नाही. जुना कागद म्हणजे वतनाचा पुरावा. तो परक्याच्या हाती गेला तर इनाम जाईल, भाऊबंदकीत उलटेल, सरकार चौकशी लावेल, अशी भीती घरोघर होती. राजवाडे एकाच घरी पुन्हा पुन्हा जात. कुठे नकार मिळे, कुठे एखादेच गाठोडे पुढे येई. वाई-साताऱ्यापासून मराठवाडा, खानदेशापर्यंत त्यांची भटकंती चालली. पैशांचे पाठबळ बेताचे होते. राहणी साधी, स्वयंपाक बहुधा स्वतःच्या हाताचा.

दुसरीकडे, ज्या घरांना कागदांची किंमत वाटत नव्हती तेथे परिस्थिती अधिक वाईट होती. मोडी वाचणारी पिढी संपत आली होती. वाचता न येणारा कागद वाण्याकडे पुड्या बांधायला जाई, पाणी तापवायला चुलीत जाई किंवा पवित्र म्हणून नदीत सोडला जाई. उरलेल्यावर वाळवी, कसर आणि उंदीर हात साफ करत. राजवाडे यांची शर्यत होती ती या सगळ्यांशी. त्या काळी मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरावर, तर साताऱ्यात द. ब. पारसनीस आपल्या संग्रहावर काम करत होते. सरकारी मदतीशिवाय अशी काही मोजकी माणसे हे काम ओढत होती.

राजवाडे यांच्या साधनांचे पुढे एकूण २२ खंड झाले. पेशवाईबरोबर शिवकालीन घराण्यांचे कागदही त्यांत आले. महजर, सनदा, निवाडे, हिशेब अशा रुक्ष वाटणाऱ्या कागदांतून गावगाडा, जमीन, भांडणे आणि रोजचा व्यवहार दिसू लागला.

हे कागद एकमेकांना चिकटतात कशाने?

याचे उत्तर कागदाच्या बनावटीतच आहे. मराठेशाहीतला बहुतेक कागद हातकागद होता. चिंध्या आणि तागासारख्या तंतूंपासून तो बनत असे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही त्याची नावाजलेली ठिकाणे. तंतू लांब असल्याने हा कागद मजबूत असतो. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र अनेकदा ५० वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रापेक्षा चांगल्या अवस्थेत आढळते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतल्या आम्लामुळेच पिवळा पडून तुटतो.

मात्र बोरूने लिहिताना शाई पसरू नये म्हणून हातकागदाला खळ लावून तो दगडाने घोटत. सोलापुरात हातमाग पाहिलेल्यांना खळ म्हणजे काय हे सांगायला नको. ही खळ पिठाची असते. ती कोरडी असेपर्यंत कागदाला गुळगुळीत ठेवते. गळक्या छताचे पाणी किंवा भिंतीची ओल लागली की ती मऊ होते आणि शेजारच्या कागदाला धरते. पुन्हा सुकली की दोन्ही कागद डकवल्यासारखे घट्ट बसतात. असे अनेक पावसाळे गेले की गठ्ठ्याचा ठोकळा होतो. त्याच पिठावर कसर आणि बुरशीही पोसली जाते.

शाईची गोष्ट वेगळी. काजळ आणि डिंक यांची ही शाई उन्हाने सहसा उडत नाही आणि कागदाला खातही नाही. युरोपात पूर्वी वापरली जाणारी लोहयुक्त शाई कागद कुरतडते, तसा त्रास येथे नाही. पण काजळ कागदावर डिंकाने धरलेले असते आणि डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे चिकटलेले कागद सोडवण्यासाठी थेट पाण्यात टाकले, तर कागद सुटतात, पण अक्षरे पसरण्याचा धोका असतो.

मग राजवाडे यांनी काय वाचवले?

राजवाडे यांच्या हाती आजची उपकरणे नव्हती. त्यांचा उपाय एकच होता : वाचा, उतरवा आणि छापा. एका कागदाच्या छापील शेकडो प्रती झाल्या की वाळवी हरते. हा उपाय बिनतोड वाटतो. पण त्याची मर्यादा खुद्द त्यांच्याच एका मोठ्या कामात दिसली.

बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. संत एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ही पोथी त्याहून कितीतरी आधीची, मुकुंदराजांच्या परंपरेतली आहे, असे राजवाडे यांचे मत होते. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या अभ्यासात ही मोठी घटना होती.

पण पोथी खरोखर किती जुनी, यावर अभ्यासकांत वाद झाला. असा वाद सोडवायचा तर मूळ पोथी हवी. तिचा कागद कोणता, अक्षराचे वळण कोणत्या काळाचे, खाडाखोड कुठे, नंतरच्या हाताने काय घातले, हे छापील पानावरून कळत नाही. ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही. ती नष्ट झाल्याचेच सांगितले जाते. मजकूर वाचला, पण मजकुराचा साक्षीदार गेला. राजवाडे यांच्या बाजूने बोलायचे तरी त्यांचा शब्द आहे, पुरावा नाही.

कागदपत्रांनाही हेच लागू होते. मोडी दस्तऐवज अनेकदा कागदाचे तुकडे एकाखाली एक जोडून केलेले असतात. जोड कुठे आहे, शिक्का कुठे उमटला आहे, पाठीमागे कुणाचा शेरा आहे, गठ्ठ्यात त्याच्या वर आणि खाली कोणता कागद होता, यांवरून खरे-खोटे ठरते. नक्कल करताना यातले बरेच गळून पडते.

मंडळ कशासाठी स्थापन केले?

एकट्या माणसाच्या घरात कागद सुरक्षित राहत नाहीत, हे राजवाडे यांना पटलेले होते. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केले. कागद जमवणे, जपणे, त्यांवर निबंध वाचणे आणि ते छापणे, असे मंडळाचे काम. आज मंडळाच्या दफ्तरात लाखो मोडी कागद आहेत.

राजवाडे यांचा स्वभाव मात्र संस्थेच्या चौकटीत मावणारा नव्हता. मत एकदा बनले की त्यात तडजोड नाही आणि राग आला की नाते तुटले, असे अनेकदा घडले. मंडळाशीही त्यांचे पटेनासे झाले. दरम्यान त्यांचा अभ्यास इतिहासाबाहेर व्याकरण, शब्दांची व्युत्पत्ती, समाजरचना, विवाहसंस्था असा पसरत गेला. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी १९२२ मध्ये, तर ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण ते तपासायला लागणारे कागद बरेचदा त्यांनीच मिळवून ठेवलेले होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. मागे संसार नव्हता. होती ती दफ्तरे, टिपणे आणि शब्दांच्या याद्या. धुळ्यातील सहकाऱ्यांनी ती विखुरू दिली नाहीत. १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह सांभाळला गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातले कागद वाचवणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद असे वाचले.

आज चिकटलेले कागद कसे सोडवतात?

प्रयोगशाळेत पहिले काम ओढण्याचे नसते, नोंदीचे असते. गठ्ठ्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली जातात. मऊ ब्रशने धूळ आणि मृत कीटक काढतात. ओलसर कापसाच्या बोळ्याने शाईचा एखादा ठिपका तपासला जातो. शाई बोळ्याला लागली तर पद्धत बदलावी लागते.

त्यानंतर कागदाला पाणी नव्हे, वाफेची ओल दिली जाते. बंद पेटीत तळाशी ओला टिपकागद, वर जाळी आणि जाळीवर गठ्ठा अशी सोपी रचना असते. काही तासांत हवेतली ओल तंतूंमध्ये शिरते आणि खळ मऊ होते, पण शाई वाहण्याइतके पाणी तेथे नसते. मग बांबूच्या किंवा टेफ्लॉनच्या पातळ पट्टीने, जेथे कागद आधीच सुटलेला आहे तेथून, एकेक पदर वेगळा करतात. सुटलेल्या कागदाखाली आधाराला पॉलिस्टरचा पातळ पडदा सरकवतात आणि प्रत्येक कागदाला क्रमांक देतात. फाटलेली जागा अतिशय पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून सांधली जाते. हीच खळ का? कारण ती पुन्हा ओल देऊन काढता येते. केलेली दुरुस्ती उद्या उलटवता आली पाहिजे, हा या शास्त्राचा पाया आहे.

हा नियम जग चुकांतून शिकले. विसाव्या शतकात कमकुवत कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ थरात बंद करण्याची पद्धत जगभर रूढ झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राऐवजी ॲसिटोन वापरून हाताने ते करण्याची स्वस्त पद्धत विकसित झाली. त्यातून असंख्य कागद टिकले, पण काही दशकांनी तो थरच जुना होतो आणि काढणे जिकिरीचे ठरते, हेही दिसून आले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्समध्ये आलेल्या पुराने राष्ट्रीय ग्रंथालयातील पुस्तके चिखलात बुडाली. त्या संकटानंतर कागद-जतन हे स्वतंत्र शास्त्र म्हणून झपाट्याने वाढले.

आता तर न उलगडताही वाचण्याचे प्रयत्न सुरू आहेत. इस्रायलमधील एन-गेडी येथील जळालेली गुंडाळी क्ष-किरणांच्या सूक्ष्म स्कॅनिंगने संगणकावर उलगडून २०१६ मध्ये वाचण्यात आली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांतील शब्द २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने दिसू लागले. तेथे अडचण होती ती काजळी शाईची, कारण क्ष-किरणांना ती जवळपास कागदासारखीच दिसते. मोडी कागदांची शाईही काजळीच आहे. त्यामुळे आज वाचता न येणारा ठोकळा उद्या वाचता येऊ शकतो, पण तो तोपर्यंत शाबूत राहिला तरच.

घरात असे गाठोडे सापडले तर काय करावे?

कागद ओढून वेगळे करू नयेत. उन्हात वाळवू नयेत, कारण झपाट्याने सुकताना कागद आकसतो आणि तडकतो. भिजलेले असतील तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावेत आणि टिपकागद बदलत राहावे. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते. लगेच मदत मिळणार नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्यास बुरशी थांबते. बुरशी असेल तर मास्क लावावा.

दुकानात नेऊन प्लास्टिक लॅमिनेशन करू नये. उष्णतेने वितळलेले प्लास्टिक तंतूंत शिरते आणि ते काढताना कागदही जातो. चिकटपट्टी आणि स्टेपलर टाळावे. गठ्ठ्यातला क्रम मोडू नये आणि गाठोड्याचे कापडही टाकू नये, कारण त्यावरही नोंद असू शकते. सुटे असलेले कागद मोबाइलने सरळ वरून, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंनी टिपावेत. कोणत्या घरात, कोणत्या जागी सापडले ते लिहून ठेवावे. सीमाभागात मोडीबरोबर कन्नड कागदही निघतात, तेव्हा वाचता आले नाही म्हणून काही बाजूला टाकू नये.

पुढची मदत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे, पुणे व कोल्हापूर येथील पुरालेखागारांत किंवा पुण्याच्या आणि धुळ्याच्या संशोधन मंडळांत विचारता येते. मूळ कागद कायमचा द्यायलाच हवा असे नाही. पण कुणाच्याही हाती देताना पोच घ्यावी.

राजवाडे यांच्या काळी एखाद्या घराने दार उघडले नाही, तर त्या घरातले कागद बहुधा संपत. आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे आणि नक्कल करायला सेकंदही लागत नाही. त्यामुळे मजकूर वाचवणे पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. पाटांगणच्या पोथीने शिकवलेली गोष्ट मात्र तशीच आहे : फोटो काढून झाला म्हणून मूळ कागद फेकायचा नसतो. उद्या कुणी खरे-खोटे विचारले, तर उत्तर फोटोकडे नसेल, त्या चिकटलेल्या ठोकळ्याकडेच असेल.